कायद्यात सूट आहे, कपाटात गोळी हवी

महाराष्ट्रात गांजाचा विषय वर्तमानपत्रात तीन वाटांनी येतो. पहिली वाट पोलिसांची. कपाशीत नाहीतर तुरीत लावलेली झाडे उपटली, इतके किलो माल जप्त, शेतमालकाला अटक. मराठवाड्यातल्या वाचकाला ही बातमी पाठ आहे. दुसरी वाट मुंबईच्या सिनेमावाल्यांची. २०२० साली त्यांच्या अमली पदार्थांच्या चौकशीपलीकडे वृत्तवाहिन्यांना कित्येक आठवडे दुसरे काही सुचत नव्हते. तिसरी वाट शेतकऱ्याची. २०२१च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावण्याची परवानगी मागितली, कारण बाकी कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही असे त्याचे म्हणणे होते. अर्ज पोलिसांकडे गेला, थोडे दिवस चर्चा झाली आणि विषय मिटला.

या तिन्ही वाटांवर रुग्ण कुठेच भेटत नाही. जालन्यात मस्तगड भागात राहणाऱ्या, तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला या वनस्पतीचे काही औषध म्हणून मिळू शकते का? डॉक्टर ते लिहून देऊ शकतो का? मिळालेच, तर घरात ठेवल्याबद्दल पोलीस दारात येतील का? हे प्रश्न आजाऱ्याच्या घरात विचारले जातात. पण ते दबक्या आवाजात विचारले जातात आणि ज्यांना उत्तर ठाऊक नाही अशांना विचारले जातात. शेजारी, भाचा, मोबाइलवरचा व्हिडिओ, ओळखीचा कंपाउंडर. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला हा प्रश्न सरळ विचारण्याची हिंमत फार थोड्यांना होते, कारण प्रश्नात ‘गांजा’ हा शब्द आहे.

म्हणून आधी कायदा. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. त्याचे कलम २० सर्वांना माहीत असते: एक किलोपर्यंत गांजा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस किलोंच्या वर गेला तर दहा ते वीस वर्षे. कलम ८ मात्र कोणी वाचत नाही. मनाई सांगणाऱ्या त्याच कलमात वैद्यकीय आणि शास्त्रीय प्रयोजनांना सूट दिलेली आहे. कलम १० तर त्याहून कमी लोक उघडतात. चरस वगळता गांजाची लागवड, उत्पादन, साठा, वाहतूक, विक्री यांना परवानगी देण्याचा आणि त्यांचे नियमन करण्याचा अधिकार त्या कलमाने राज्य सरकारला दिला आहे. म्हणजे औषधी उपयोगाची किल्ली दिल्लीइतकीच मुंबईत, मंत्रालयात आहे. चाळीस वर्षे ती तिथे पडून आहे.

कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत आणखी एक फट आहे. एनडीपीएसच्या दृष्टीने गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. भांग पानांची असते, म्हणून ती या कायद्याबाहेर राहते. आयुर्वेद तिलाच विजया म्हणतो आणि तिथे ती याच फटीच्या आधाराने टिकली. शार्ङ्गधर संहितेतल्या जातीफलादि चूर्णात भांग आहे आणि ते संग्रहणीवर आजही दिले जाते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये भांगेचे नाव विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, त्यामुळे तिचे औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते आणि तशी सूचना बाटलीवर छापावी लागते. आता हीच विजया तेलाच्या थेंबांच्या रूपात, फोनवरच्या सल्ल्यानंतर, कुरियरने घरी येते. पण महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू होतो आणि परवान्याशिवाय ती बाळगणे इथे गुन्हा आहे. आयुष विभागाच्या परवान्याने बनलेली, चिठ्ठीवर घेतलेली बाटली रुग्णाच्या नातेवाइकाच्या पिशवीत जालना स्थानकावर सापडली, तर ती केंद्राच्या कायद्याने बघायची की राज्याच्या, की औषध नियमांनी, हे त्या हवालदाराला कोणी शिकवलेले नाही. नातेवाइकालाही नाही. दोघांच्याही डोक्यात एकच कलम असते, वीस.

ही वनस्पती आपल्याकडे परकी नाही, हे सांगायला फार मागे जायला नको. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ साली धनुर्वात, संधिवात आणि लहान मुलांचे झटके यांवर तिचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि तिथून ती पाश्चात्त्य औषधशास्त्रात गेली. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल दिला आणि सरसकट बंदीच्या विरोधात मत नोंदवले. त्या काळात मराठवाड्याशेजारच्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात गांजाचे पीक उघडपणे, सरकारी नियमांखाली निघत असे. अमली पदार्थांवरच्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर चित्र बदलत गेले आणि १९८५च्या कायद्याने दार लावून घेतले. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून, म्हणजे औषधी मोल जवळजवळ नाकारणाऱ्या यादीतून, बाहेर काढले. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला आणि भारताने बाजूने मत दिले. व्हिएन्नातल्या त्या बैठकीत दिलेल्या मताचा घरी काही परिणाम व्हायला हवा होता. उत्तराखंड त्याआधीच, २०१८ साली, कमी नशेच्या वाणाची औद्योगिक लागवड परवान्याने करू लागले होते. हिमाचल प्रदेशाने मंत्र्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०२४मध्ये तिचा अहवाल विधानसभेने स्वीकारला. दोन्हीकडे चर्चा मुख्यतः शेतीची आणि महसुलाची झाली. महाराष्ट्रात तीही नाही.

आता औषधाचे खरे सांगावे लागेल, कारण या विषयात अर्धवट बोलणे रुग्णाच्या जिवावर येते. गांजाच्या तेलाने कर्करोग बरा होतो, असे सांगणारे संदेश आपल्या गावागावांत फिरतात. माणसांवरच्या अभ्यासात याला कसलाही आधार मिळालेला नाही. त्या भरवशावर केमो सोडणारा रुग्ण मिळू शकणारा वेळ गमावतो आणि जो कोणी असे तेल ‘इलाज’ म्हणून विकतो तो गुन्हा करतो, मग बाटलीवर कोणताही परवाना असो. ज्या आजारांत या वनस्पतीतल्या द्रव्यांचा उपयोग चांगला सिद्ध झाला आहे त्यांची यादी छोटी आहे. लहान मुलांच्या ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या दुर्मीळ, हट्टी अपस्मारांवर कॅनाबिडिऑल या द्रव्याच्या औषधाला अमेरिकेने जून २०१८मध्ये मान्यता दिली. केमोनंतरच्या उलट्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा यांवर उपयोग दिसतो. जुनाट वेदनेबाबत तज्ज्ञांत एकमत नाही: अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७मध्ये अनुकूल पुरावा मांडला, तर वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१मध्ये सरसकट वापराला पाठिंबा द्यायचे नाकारले.

एवढ्यावरून एक गोष्ट ठरते. अपस्माराच्या त्या मुलांसाठी आणि उलट्यांनी हैराण झालेल्या रुग्णांसाठी हे औषध मिळण्याची कायदेशीर, तपासलेली, मोजक्या मात्रेची सोय असायलाच हवी आणि राज्याने कलम १० वापरून तिचे नियम करायला हवेत. पण मस्तगडच्या घरात रात्री दोन वाजता कळांनी ओरडणाऱ्या माणसाचे मुख्य औषध हे नाही. त्याचे औषध दुसरे आहे. ते याच कायद्याखाली येते, त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही आणि तरीही ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ते औषध मॉर्फिन.

या गोष्टीपाशी थांबायला हवे, कारण गांजाच्या औषधी कायद्याचे पुढे काय होईल याचे उत्तर इथे आधीच लिहिलेले आहे. मॉर्फिन अफूपासून होते आणि अफू आपण पिकवतो. मंदसौर, नीमच, चित्तोडगड या पट्ट्यात सरकारी परवान्याने खसखशीचे पीक निघते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्याची अफू जमा होते आणि तिथून ती जगाला औषधासाठी जाते. मॉर्फिनच्या वैद्यकीय उपयोगाला कायद्याने कधीच मनाई केली नव्हती. १९८५च्या कायद्यात त्यासाठी सूट होती, आजही आहे. तरी काय झाले? प्रत्येक राज्याने आपापले नियम केले. एका रुग्णालयाला थोड्या गोळ्या ठेवायच्या तर चार-पाच वेगवेगळे परवाने वेगवेगळ्या खात्यांकडून, सगळे एकाच वेळी चालू असलेले, अशी अट झाली. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. हिशेबात चूक झाली तर तुरुंग. रुग्णालयांनी हात काढून घेतले, औषध दुकानदारांनी साठा बंद केला, कंपन्यांनी उत्पादन कमी केले. देशाचा वैद्यकीय मॉर्फिनचा वापर १९८५मध्ये वर्षाला सुमारे ६०० किलो होता, तो १९९७पर्यंत १८ किलोंवर आला. त्या बारा वर्षांत कर्करोग कमी झाला नव्हता. त्या वर्षांत वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांची एक पिढी मॉर्फिनची गोळी हाताने न लिहिताच मोठी झाली आणि पुढच्यांना शिकवू लागली.

केरळातले वेदनाशमनाचे डॉक्टर एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे दिल्लीच्या फेऱ्या मारत राहिले, तेव्हा कुठे २०१४च्या फेब्रुवारीत, पंधराव्या लोकसभेच्या शेवटच्या अधिवेशनात, दुरुस्ती मंजूर झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसारखी सहा औषधे ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ ठरली आणि २०१५पासून देशभर एकच नियम लागू झाला. आता चार-पाच परवाने नकोत. वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर, कुलूपबंद कपाट, नीट ठेवलेली नोंदवही आणि वर्षाच्या गरजेचा अंदाज एवढे असले की राज्याचे औषध नियंत्रक रुग्णालयाला मान्यता देतात. मान्यता मिळवणे अवघड राहिलेले नाही. तरी २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला तेव्हा भारतात वेदनेच्या गरजेच्या फक्त चार टक्के इतकेच हे औषध पोहोचत होते. गरज जितकी, त्याच्या पंचविसाव्या भागाइतके. कायदा बदलून रुग्णाच्या हातात काही पडत नाही, तर त्या बदललेल्या कायद्याची अंमलबजावणी कोणाचे तरी रोजचे काम व्हावे लागते.

ब्रिटनमध्येही असेच घडले. झटके येणाऱ्या एका मुलाच्या आईने परदेशातून आणलेले गांजाचे तेल विमानतळावर जप्त झाले, देशभर खळबळ उडाली आणि नोव्हेंबर २०१८मध्ये तज्ज्ञ डॉक्टरांना हे औषध लिहून देण्याची मुभा मिळाली. पुढची कित्येक वर्षे सरकारी आरोग्यसेवेतून ते मिळणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी खासगी दवाखान्यातून घेतले. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आपल्यापेक्षा कितीतरी सधन आहे. तिथे असे झाले, तर मुंबईत अधिसूचना निघाली म्हणून जालन्यात औषध मिळेल असे समजणे रुग्णाची फसवणूक आहे.

जालन्याचा कर्करोगी काय करतो ते या शहराला माहीत आहे. तो ‘टाटाला’, म्हणजे मुंबईच्या टाटा कर्करोग रुग्णालयात, जातो. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, सकाळी परळला रांग, धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर फुटपाथ. गेल्या दशकात साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय उभे राहिले, त्याने मराठवाड्याचे फार हाल वाचवले. किरणोपचार, केमो, शस्त्रक्रिया आता तिथे होतात. पण डॉक्टर एक दिवस सांगतात की आता उपचार थांबवू, घरी घेऊन जा. त्यानंतरच्या आठवड्यांत माणसाला सर्वांत जास्त दुखते आणि त्या आठवड्यांत तो सर्वांत जवळच्या दवाखान्यावर अवलंबून असतो. घरी त्याला मिळते काय? पॅरासिटामॉल, ट्रामाडॉल, झोपेची गोळी आणि नातेवाइकांचे सांत्वन. तोंडाने घ्यायची मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, वजन-वेदना पाहून, बद्धकोष्ठावरच्या औषधाबरोबर दिली, तर बहुतेक रुग्णांची वेदना आटोक्यात येते. तिला ना यंत्र लागते ना अतिदक्षता विभाग. ती महागही नाही.

तिच्याबद्दलची भीती मात्र घरातही आहे आणि दवाखान्यातही. मॉर्फिन दिले म्हणजे माणूस संपला, असे नातेवाईक समजतात. व्यसन लागेल, असे डॉक्टरच सांगतात, ज्या रुग्णाच्या आयुष्याचे महिने मोजता येतात त्याच्याबद्दलही. नीट मोजून दिलेली गोळी आयुष्य कमी करत नाही. ती न मिळालेला माणूस खात नाही, झोपत नाही, मुलांशी बोलत नाही आणि त्याच्या घरचेही झोपत नाहीत. ज्यांनी हे घरात पाहिले आहे त्यांना सांगावे लागत नाही. त्यांना राग येतो आणि तो राग योग्य आहे.

महाराष्ट्राने २०१२ साली राज्याचे परिहार सेवा धोरण जाहीर केले, म्हणजे असाध्य आजारात वेदना कमी करण्याची सेवा ही सरकारची जबाबदारी असे मान्य केले. केरळाने ते २००८ सालीच केले होते. पण केरळाने पुढचे पाऊलही टाकले. ही सेवा त्यांनी ग्रामपंचायतींना आणि नगरपालिकांना जोडली, प्रत्येक ठिकाणी घरी जाणारी परिचारिका नेमली आणि औषधाचे कपाट तालुक्यापर्यंत नेले. मस्तगडाच्या जुन्या गढीत एके काळी या शहराची नगरपालिका बसत असे. २०२३मध्ये जालना महानगरपालिका झाली. मालमत्ता कराची घडी बसवण्याइतकेच हे कामही महापालिकेचे आहे, हे इथल्या नगरसेवकांनी आणि आयुक्तांनी आपल्या अर्थसंकल्पात लिहून दाखवावे. एक वाहन, दोन प्रशिक्षित परिचारिका आणि जिल्हा सामान्य रुग्णालयाशी जोडलेली नोंदवही, एवढ्यावर शहरातल्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांपर्यंत जाता येते. जिल्हा नियोजन समितीच्या खर्चात ही रक्कम दिसणारही नाही.

राज्य सरकारकडून दोन गोष्टी हव्यात आणि त्या एकत्र हव्यात. कलम १० खाली औषधी उपयोगाचे स्पष्ट नियम: कोणत्या आजाराला, कोणत्या तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर, तपासलेल्या आणि मात्रा छापलेल्या कोणत्या औषधाला परवानगी, आणि चिठ्ठी व पावती जवळ असलेल्या रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकाला पोलिसांनी हात लावायचा नाही, हे शब्दांत लिहिलेले. विजयेच्या बाटल्यांनाही हेच लागू व्हावे. १९४९चा कायदा आणि आयुषचा परवाना यांच्यात रुग्ण चेपला जाऊ नये. दुसरे, राज्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने मॉर्फिनसाठी मान्यता घ्यावी, नूतनीकरण चुकवू नये आणि कपाटात गोळ्या आहेत की नाहीत हे दरमहा जाहीर करावे. रक्तपेढीत कोणत्या गटाचे रक्त शिल्लक आहे हे आपण फलकावर लिहितो. हेही तसेच लिहावे.

हे दुसरे काम आधी व्हायला हवे. त्यासाठी नवा कायदा, नवे पीक, आंतरराष्ट्रीय मत यांतले काहीच लागत नाही. प्रशिक्षित डॉक्टर लागतो आणि ते प्रशिक्षण थोड्या आठवड्यांचे आहे. मॉर्फिन जिथे रोज दिले जाते, मोजले जाते, त्याचा हिशेब चुकत नाही, त्याच रुग्णालयावर उद्या गांजापासूनच्या औषधाची जबाबदारी टाकता येईल. जिथे मॉर्फिनचे कपाटच नाही तिथे दुसऱ्या औषधाचा परवाना भिंतीवर टांगायलाच उपयोगी पडेल.

जालन्यात २०२४मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी डॉक्टर म्हणून बाहेर पडायला २०३० उजाडेल. त्यांना वेदनाशमन शिकवले जाईलच, अशी अपेक्षा धरू. पण आज मस्तगडात, चंदनझिऱ्यात, भोकरदनला, अंबडला जे रुग्ण घरी परतले आहेत, त्यांच्याकडे इतकी वर्षे नाहीत. त्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी येत्या तिमाहीत आपल्याकडचे दोन डॉक्टर आणि चार परिचारिका प्रशिक्षणाला पाठवाव्यात, औषध नियंत्रकांकडे मान्यतेचा अर्ज किंवा नूतनीकरण करावे आणि वेदनाशमनाची बाह्यरुग्ण तपासणी कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, हे दाराशी मराठी आणि उर्दूत लावावे.